कंपनीतली ऑनलाइन आरोग्य प्रश्नावली : एचआरला आणि कर्मचाऱ्यांना पडणारे प्रश्न

चाकणच्या कारखान्यापासून हिंजवडीच्या आयटी पार्कपर्यंत हल्ली वर्षातून एकदा एक लिंक येते : ‘तुमचं आरोग्य जाणून घ्या, फक्त दहा मिनिटं.’ ती पाठवणाऱ्यांच्या मनात काही प्रश्न असतात, भरणाऱ्यांच्या मनात वेगळेच. दोघांचेही इथे एकत्र घेतले आहेत.

ही प्रश्नावली म्हणजे नेमकं काय?

तुमचं वय, कमरेचा घेर, आई-वडिलांचे आजार, झोप, जेवण, तंबाखू, दारू, हालचाल, ताण अशी माहिती विचारून पुढच्या काही वर्षांत कोणत्या आजाराचा धोका किती आहे याचा अंदाज देणारी ही पद्धत आहे. डॉ. लुईस रॉबिन्स आणि डॉ. जॅक हॉल या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९७० मध्ये डॉक्टरांसाठी तिची एक पुस्तिका काढली होती. रुग्ण आजारी पडायची वाट न पाहता धोका आधीच मोजायचा, ही त्यांची कल्पना. तेव्हा कागदावर बेरीज करावी लागे. आता मोबाइल करतो, आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतो.

हे निदान नाही. लाल रंग आला म्हणजे मधुमेह झाला असं नाही आणि हिरवा आला म्हणजे रक्ततपासणीला सुट्टी, असंही नाही.

आमच्याकडे वार्षिक मेडिकल होतंच. मग हे वेगळं कशाला?

मेडिकलमध्ये रक्तदाब १४८/९४ आला हे कळतं. तो माणूस रोज रात्रपाळीनंतर किती झोपतो, डब्यात लोणचं-पापड किती असतो, तंबाखू केव्हापासून आहे, हे त्या कागदावर कुठेच नसतं. रक्ताचा रिपोर्ट आजची स्थिती सांगतो. प्रश्नावली ती कशामुळे आली आणि काय बदलता येईल ते दाखवते. त्यामुळे दोन्हींची जोडी असावी. एकाच्या जागी दुसरं नको.

कायद्याच्या बाजूनेही हे वेगळंच आहे. कारखाना अधिनियम १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांवरच्या कामगारांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक होती. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ठरावीक वयाच्या आणि वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने मोफत करून द्यायची, असं ती म्हणते. सरकारने ती लागू करताना चाळिशी ओलांडलेल्यांचा उल्लेख केला आहे. ऑनलाइन फॉर्म भरून घेतला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. काही ठिकाणी तसा समज करून घेतलेला दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खरं सांगा, फॉर्म भरून कुणाच्या सवयी बदलतात का?

नुसता फॉर्म भरून? फारशा नाहीत.

अमेरिकेच्या कम्युनिटी प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रश्नावली भरून घेतली, निकाल हातात दिला आणि तिथेच थांबलं, तर उपयोग होतो असं म्हणायला पुरावा अपुरा. त्याच्या जोडीला आरोग्य शिक्षण दिलं, म्हणजे समुपदेशन झालं, गटात बोलणं झालं, पाठपुरावा झाला, तर मात्र त्यांनी ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

त्यानंतरचे दोन मोठे प्रयोग अजून कडक होते, कारण त्यात कुणाला कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग सुरू झाला. तपासणी, ऑनलाइन प्रश्नावली आणि मग निरनिराळे उपक्रम, अशी त्याची मांडणी होती. वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, प्रकृती यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. उलट एक गोष्ट उघड झाली : आपणहून पुढे येणारे मुळातच जास्त निरोगी होते. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या एका घाऊक दुकानांच्या साखळीत, १६० ठिकाणी आणि सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर झाला. त्याचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. दीड वर्षानंतर ‘मी नियमित व्यायाम करतो’, ‘वजनाकडे लक्ष देतो’ असं सांगणारे वाढले होते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथेच.

म्हणजे ‘आमच्या ८५ टक्के कर्मचाऱ्यांनी फॉर्म भरला’ ही वार्षिक अहवालातली ओळ वाचून हुरळून जाऊ नये. फॉर्म भरला गेला, एवढंच ती सांगते.

तरीही निराश होण्याचं कारण नाही. भारतातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये झालेला एक उपक्रम २००९ मध्ये एका हृदयरोगविषयक नियतकालिकात आला. तिथे काही वर्षं सातत्याने काम झालं होतं : आरोग्य शिक्षण, धोका जास्त असलेल्यांकडे वैयक्तिक लक्ष, आणि कामाच्या जागेच्या वातावरणातही बदल. त्या ठिकाणच्या लोकांचं वजन, कमरेचा घेर, रक्तदाब कमी झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ठिकाणी तो वाढला. हा प्रयोग चिठ्ठ्या टाकण्याइतका काटेकोर नव्हता हे लक्षात ठेवूनसुद्धा दिशा स्पष्ट दिसते. माणसाला काय करायचं ते सांगण्याइतकंच, ते करणं सोपं होईल अशी जागा तयार करणं महत्त्वाचं.

मग निकाल आल्यावर कंपनीने नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी कॅन्टीन. सुरुवात तिथून करा असं मी म्हणतो, कारण तिथल्या बदलासाठी कुणाच्या निश्चयाची गरज लागत नाही.

प्रश्नावलीत निम्म्या लोकांनी ‘रोज तळलेलं खातो’ असं लिहिलं, आणि चार वाजता चहाबरोबर कॅन्टीनमध्ये वडा आणि समोसा एवढंच मिळत असेल, तर दोष खाणाऱ्याचा आहे का? उसळ, उकडलेले शेंगदाणे, भाजलेले चणे, काकडी-गाजर, ताक ठेवा आणि वडा आठवड्यातून दोन दिवसांवर आणा. पूर्ण बंद करू नका; बंद केला की लोक गेटबाहेरच्या गाडीवर जातात आणि सोबत आणखी दोन खातात. चहाच्या मशीनमध्ये साखर आधीच मिसळलेली असते, ती वेगळी करा. टेबलांवरची मिठाची वाटी उचला, मागेल त्याला द्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘ईट राइट कॅम्पस’ ही प्रमाणपत्र योजना कंपन्यांच्या कॅन्टीनसाठीही आहे. ठेकेदाराशी बोलताना तिचा आधार चांगला होतो.

दुसरी गोष्ट वेळ. ‘आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम’ हा सल्ला बरोबरच आहे, पण बदलापूरहून लोकलने ठाण्याला येणाऱ्या आणि घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो ऐकवण्याआधी तिच्या दिवसाचा हिशोब मांडून बघावा. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं चालता येईल अशी सुट्टी आणि सावलीची जागा दिली, तर पाच दिवसांची शंभर मिनिटं तिथेच झाली. बैठकांमध्ये अंतर ठेवा. रात्रपाळी आणि दिवसपाळी यांची अदलाबदल आठवड्यात दोनदा होत असेल, तर झोपेवरचं व्याख्यान ठेवण्याआधी पाळ्यांचा तक्ता बघा.

तिसरी गोष्ट पाठपुरावा, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं. निकाल लाल आलेल्या माणसाला पंधरा दिवसांच्या आत कंपनीच्या डॉक्टरांनी किंवा ठरवलेल्या दवाखान्याने स्वतः बोलवावं. ई-मेलने पीडीएफ पाठवणं हा पाठपुरावा नव्हे. तीन महिन्यांनी पुन्हा एक फोन करावा, आणि त्यात एकच प्रश्न : ठरवलेल्यातलं काय जमलं?

प्रश्नावली कोणती वापरावी? परदेशी कंपनीची तयार मिळते, ती चालेल?

भाषांतर करून चालवली तर अर्धी वाया जाते. तीन जागा हमखास चुकतात.

पहिली तंबाखू. ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ याला ‘नाही’ असं उत्तर देणारा माणूस चुन्याबरोबर तंबाखू मळत असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणून गुटखा खातो असं कुणी लिहीत नाही. आणि मिश्री लावणाऱ्या बायका तर स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. त्यांच्या लेखी तो दात घासण्याचा प्रकार. तेव्हा विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मिश्री ही सगळी नावं वेगवेगळी लिहून विचारा.

दुसरी जागा जेवण. ‘दिवसातून भाजीचे किती सर्व्हिंग घेता?’ याला आपल्याकडे काही अर्थ नाही. बटाट्याची भाजीही भाजीच. घरात महिन्याला किती लिटर तेल लागतं आणि माणसं किती, हे विचारा. दिवसात चहा किती कप आणि प्रत्येक कपात साखर किती, हे विचारा. उपवास किती असतात आणि त्या दिवशी काय खाता, हेही विचारा. चतुर्थी, गुरुवार, एकादशी मिळून महिन्यात सहा-सात दिवस साबुदाणा खिचडी, वेफर्स आणि बटाट्याचा कीस होतो, आणि तो माणूस ‘मी उपवास करतो’ हे आरोग्याच्या जमेच्या बाजूला लिहीत असतो.

तिसरी जागा हालचाल. शेतातून, घरकामातून किंवा मशीनवर उभं राहून होणारी मेहनत आणि जिम हे वेगळे रकाने हवेत. जागतिक आरोग्य संघटनेची जीपीएक्यू ही प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ असे भाग करून विचारते, तिच्यावरून घ्या.

मधुमेहासाठी बाहेर जायची गरजच नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये तयार केलेला इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर चार प्रश्नांत होतो. वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, त्यापुढे ३० गुण. कमरेचा घेर : पुरुष ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायका ८० च्या आत असल्या तर ०, त्यापुढच्या दहा सेंटिमीटरपर्यंत १०, त्याहून जास्त २०. व्यायामही नाही आणि कामही बैठं असेल तर ३०, व्यायाम किंवा अंगमेहनतीचं काम यांपैकी एक असेल तर २०, दोन्ही असतील तर ०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. एकूण ६० किंवा जास्त म्हणजे धोका जास्त.

समजा ४२ वर्षांचा अकाउंटंट, कंबर ९४ सेंटिमीटर, बैठं काम, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह. वीस, दहा, तीस, दहा : ७०. वय आणि वडील बदलता येत नाहीत. नियमित व्यायाम धरला तर ६०, आणि कंबर नव्वदच्या आत आली तर ५०. काय हातात आहे आणि काय नाही, हे इतक्या सरळ दाखवणारं दुसरं साधन माझ्या तरी माहितीत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला असा ‘बदलता येणारा आकडा’ दाखवा; लाल रंगापेक्षा तो जास्त काम करतो.

मी सडपातळ आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२. तरी ‘धोका मध्यम’ आला. चूक आहे ना?

बहुधा नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमच्या प्रश्नावलीत अजून २५ आणि ३० या पाश्चात्त्य रेषा असतील तर त्या बदलून घ्या, आणि वजनकाट्याशेजारी मोजायची टेप ठेवा. टेप बेंबीच्या आसपास आडवी, श्वास सोडल्यावर. पँटचा नंबर लिहू नका.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये आलेल्या निकालांत सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना त्याच्या आधीची अवस्था आहे, असा अंदाज आहे. या दुसऱ्या गटातले बरेच जण तुमच्यासारखेच दिसायला बारीक असतात.

माझी उत्तरं साहेबांना दिसतात का?

दिसता कामा नयेत. एचआरला फक्त गटाचा गोषवारा मिळावा : ‘असेंब्ली विभागात झोपेची तक्रार करणारे किती’ इतपतच. आणि गट लहान असेल तर तोही नको. चार जणांच्या विभागात ‘एकाला दारूचा त्रास’ असं लिहिलं की नाव सांगायचं राहिलं कुठे? दहापेक्षा कमी लोकांचा आकडा वेगळा दाखवायचा नाही, असा नियम करारातच घाला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ प्रकारात येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी आणि ती मागे घेता यावी, असं त्यात आहे. एक पळवाटही आहे : नोकरीशी संबंधित काही कामांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरता येते. तिच्या आडून आरोग्य प्रश्नावली राबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतंत्र संमती घ्या, मराठीत घ्या.

भरणाऱ्याने सबमिट करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहते? विमा कंपनीकडे जाते का? नोकरी सोडल्यावर पुसतात का? उत्तर लेखी मिळालं नाही तर न भरण्याचा हक्क तुम्हाला आहे.

भरणं सक्तीचं केलं तर? किंवा न भरणाऱ्यांना दंड?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने ते करून पाहिलं. प्रश्नावली आणि तपासणी पूर्ण न करणाऱ्याच्या पगारातून महिन्याला १०० डॉलर कापायचे ठरलं. प्रश्नावलीत घटस्फोट, पैशाची अडचण, आणि बायकांना गरोदरपणाचा विचार आहे का, असले प्रश्न होते. प्राध्यापक मंडळी खवळली आणि काही आठवड्यांतच दंड मागे घ्यावा लागला. विश्वास मात्र तेवढ्यात परत मिळत नाही.

छोटं बक्षीस चालेल, पण ते भरण्यासाठी असावं; निकाल चांगला आला म्हणून नको. वजन कमी करणाऱ्याला गिफ्ट व्हाउचर दिलं, की थायरॉइड असलेली सहकारी गप्प बसते.

एचआयव्हीबद्दल विचारता येतं का?

नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ नुसार नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही आणि त्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. असा प्रश्न प्रश्नावलीत असेल तर काढून टाका.

मानसिक आरोग्याचे प्रश्न घालावेत का?

घालावेत, पण तयारी असेल तरच. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ सर्वत्र वापरतात : गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० पासून पुढे डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासून घ्यावं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी रात्री अकरा वाजता त्याला ‘जवळपास रोज’ असं उत्तर दिलं आणि ते सोमवारी सकाळी कुणाच्या तरी एक्सेलमध्ये उघडलं, तर तो प्रश्न विचारलाच नसता तर बरं. त्या उत्तरासरशी पडद्यावर मदतीचा क्रमांक आला पाहिजे, आणि त्याच दिवशी फोन करणारा समुपदेशक ठरलेला असला पाहिजे. एवढं जमत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची सौम्य प्रश्नावली वापरा आणि सगळ्यांनाच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन : १८००-११-२३५६.

लोक खोटं लिहितात, त्याचं काय?

लिहितात. दारू आणि तंबाखू कमी, व्यायाम जास्त. भीती कमी झाली की खोटंही कमी होतं, म्हणून वरचा गोपनीयतेचा प्रश्न आधी सोडवा. साहेबांनी स्वतः पहिल्यांदा भरून ‘मधुमेहाच्या स्कोअरमध्ये माझे ६० आले’ असं सभेत सांगितलं, तर फरक पडतो.

शॉप फ्लोअरवरच्यांकडे कंपनीचा ई-मेल नाही. कंत्राटी कामगारांचं काय?

बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात. लॅपटॉपवाले भरतात, गरज जास्त असलेले बाहेर राहतात आणि मग अहवाल छान दिसतो. व्हॉट्सअॅपवर मराठी आणि हिंदीत लिंक द्या, वाचून दाखवणारा आवाजाचा पर्याय ठेवा. पाळी बदलताना ओएचसीच्या, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्य केंद्राच्या नर्सने टॅबवर भरून घेतलं तर उत्तम, पण सुपरवायझर शेजारी उभा नको. कामगार संघटनेला आधी विश्वासात घ्या. ‘आजारी दाखवून काढायचा डाव आहे’ ही शंका नोटिशीने जात नाही, युनियनच्या माणसाने सांगितलं तर जाते. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या बायका यांना वगळू नका. भरण्याचा वेळ ड्युटीतच धरा.

१०,००० पावलांची स्पर्धा ठेवावी का?

ठेवा, मजा येते. फक्त हा आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या पेडोमीटरच्या जाहिरातीतून आला आहे, विज्ञानातून नाही, एवढं ध्यानात असू द्या. जो दोन हजार पावलं चालतो त्याने चार हजार करणं हीच मोठी मजल. विजेता नेहमी तोच मॅरेथॉन धावणारा ठरत असेल, तर बक्षीस सर्वाधिक वाढीला द्या.

यातून ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता कमी होईल का?

त्या आशेवर सुरू करू नका. २०१० मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी जुन्या अभ्यासांवरून अशा कार्यक्रमांवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे सुमारे ३.२७ डॉलर उपचारखर्चात वाचतात असं काढलं होतं, आणि तो आकडा विक्रेत्यांच्या सादरीकरणांत आजही फिरतो. त्याच्या लेखकांपैकी दोघांनीच पुढे २०१९ चा तो दुकानांचा प्रयोग केला आणि खर्चात फरक दिसला नाही. पहिल्या वर्षी तर उपचाराचा खर्च वाढू शकतो, कारण लपलेला रक्तदाब आणि साखर बाहेर येते. ते चांगलंच आहे, पण फायनान्सला आधी सांगून ठेवा.

पुन्हा कधी भरून घ्यायची?

वर्षाने. त्याआधी तीन महिन्यांनी तीन-चार प्रश्नांची छोटी फेरी पुरते. आणि गेल्या वर्षीच्या निकालावरून कॅन्टीन, पाळ्या किंवा दवाखाना यांत काहीच बदललं नसेल, तर यंदा लिंक पाठवू नका. आधी ते बदला, मग विचारा.